सिलान्तोईच्या गाडीवरची चित्तीण

दचकू नका. गाडीच्या बॉनेटवर बसलेय ती मीच, मासाई मारा मैदानातली चित्तीण. बिबट्या म्हणाल तर मात्र बोलणं बंद! डोळ्यांपासून तोंडापर्यंत उतरलेल्या या काळ्या रेघा बिबट्याला असतात का कधी?

आम्ही पाच भावंडं. तिघांना सिंहाने मारलं. आईने आम्हा दोघांना दीड वर्ष सांभाळलं, शिकार शिकवली आणि एके दिवशी न सांगता निघून गेली. आमच्यात तसंच असतं. आता माझी स्वतःची तीन पिल्लं आहेत, आणि आज सकाळी त्यांच्या पोटात परवापासून काही नव्हतं.

मी काही म्हातारी झाले नाही हो. धावण्यात आजही माझा हात कोणी धरणार नाही. आडव्या येतात त्या गाड्या. इथल्या चालकांची रीतच आहे, एकाला मी दिसले की त्याने वायरलेसवर सगळ्यांना कळवायचं. जो लपवेल त्याला पुढे कोणी काही सांगत नाही. त्यांचं ते ठीक आहे, पण पंधरा गाड्या धुरळा उडवत आल्या की हरणं पसार होतात. काल तर एक गाडी फोटोसाठी माझ्या आणि हरणाच्या बरोबर मध्ये उभी राहिली. संध्याकाळी धाकटा भुकेने माती चाटत होता. माझा जीव तुटला.

आज सकाळी कळप कुठे आहे ते बघायला मी सिलान्तोईच्या गाडीवर चढले. ही मासाई पोर याच गवतात गुरं राखत वाढली, आता पाहुण्यांना फिरवते. पिल्लांची खपाटीला गेलेली पोटं तिला लगेच दिसली. तेवढ्यात वायरलेस खरखरला. तिचा आतेभाऊ पार्तोइप, तोही चालकच.

“काय गं, काही दिसलं का?”

“तरस झोपलंय. येतोस बघायला?”

“तूच बघ बाई. तुझं नशीबच तसलं.”

मागचे पाहुणे गालातल्या गालात हसले. तिने इंजिन बंद केलं आणि मी खाली उतरले.

गवतात पोट टेकवून सरकले, थांबले, पुन्हा सरकले. कळपाच्या कडेला एक नर चरत होता. साठेक पावलं उरली आणि मी सुटले. तो डावीकडे वळला, मी वळले. उजवीकडे वळला, मी आहेच! मागच्या पायावर पंजा बसला, तो कोलमडला आणि त्याचा गळा माझ्या जबड्यात आला. धापेने डोळ्यांपुढे अंधारी आली होती, पण जिंकले मी!

पिल्लांना हाक मारली तोवर धुरळा बघून पार्तोइप आलाच.

“हेच का तुझं तरस? उद्यापासून तुला कोणी काही सांगायचं नाही, कळलं?”

“नका सांगू. आधी त्या पोरांकडे बघ.”

त्याने पाहिलं. तिघांची तोंडं कानांपर्यंत लाल झाली होती, धाकटा तर मान वर करायला तयार नव्हता. पार्तोइपच्या हातात वायरलेस होता. कोणालाही न कळवता त्याने तो जागेवर ठेवला आणि इंजिन बंद केलं.

तुम्हीही या आमच्याकडे, जरूर या. फक्त मी निघाले की माझ्या वाटेत उभे राहू नका. आता हळू बोला, तिन्ही पोरं जेवून झोपलीत.