पूर्वेकडचा गारवा

रुपालीची नोकरी नेमकी कसली, हे उंबरमाळीच्या वरच्या पाड्यावर कुणालाच नीट कळलं नव्हतं. "हाटेलात एसीवर हाय," असं तिची आई धोंडीबाई सांगायची आणि ऐकणाऱ्याला वाटायचं, पोरगी एसी पुसते.

शहापूरच्या आयटीआयत रेफ्रिजरेशनच्या वर्गात रुपाली एकटीच मुलगी होती. पास झाली त्या वर्षी, म्हणजे दोन हजार सहा साली, आसनगावच्या पुढे महामार्गालगत एक मोठं रिसॉर्ट सुरू झालं आणि तिथल्या कंट्रोल रूममध्ये तिला काम मिळालं. रिसॉर्टच्या चाळीस खोल्यांचं थंड-गरम एकाच जागेवरून चालायचं. मागच्या प्लांटरूममधली दोन मोठी यंत्रं पाणी गार करायची, ते पाणी नळांतून खोल्याखोल्यांत फिरायचं आणि खोलीतला पंखा त्याचा गारवा आत सोडायचा. पौषातल्या थंडीत त्याच नळांतून गरम पाणी सोडलं की खोल्या उबदार व्हायच्या. कुठल्या खोलीला किती पाणी द्यायचं, ते रुपाली आपल्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवरून ठरवायची. पडद्यावर प्रत्येक खोलीचा एक चौकोन होता. खोली गार असली की निळा, तापली की तांबडा.

काम तिला आवडायचं. एकच गोष्ट खटकायची. कंट्रोल रूमला खिडकी नव्हती. कोण आलं, कोण गेलं, कोण हसलं, काही दिसायचं नाही. पाहुण्यांचा नुसता फोनवरचा आवाज. "गरम होतंय." "थंडी वाजतेय." त्यापुढे तिच्याशी कुणी कधी बोलायचंच नाही. दुपारी डबा खायला प्लांटरूमचे मेकॅनिक साईनाथदादा यायचे, तेवढीच सोबत. साईनाथदादा मुरबाडचे. आवाज मोठा, कारण सारा जन्म यंत्रांच्या घरघरीत गेलेला.

पुढच्या वर्षी मे महिन्यात रिसॉर्टमध्ये पहिलं लग्न ठरलं. नवऱ्यामुलाचे वडील अनंता शेठ शहापूरचे. खडीचा धंदा. रिसॉर्टच्या बांधकामाला सगळी खडी त्यांचीच गेली होती, त्यामुळे मॅनेजरशी घरोबा. नवरी मुलगी प्रियांका म्हशाजवळच्या गावातली, भातशेती करणाऱ्या घरातली. "दोन्हीकडची हळद एकाच मांडवात करायची आणि माणसं एसीत ठेवायची," असं अनंता शेठनी ठरवलं. असं लग्न आजवर आसपासच्या कुणी पाहिलं नव्हतं.

हळदीच्या दिवशी सकाळीच दोन्हीकडची मंडळी उतरली. मुलाकडच्यांना पूर्वेकडच्या खोल्या दिल्या, मुलीकडच्यांना पश्चिमेकडच्या. आणि ऊन डोक्यावरून कललं तसे फोन सुरू झाले.

"बाई, आमच्या खोलीत कढत का होतंय गो? त्यांच्याकडं जाऊन आली आमची पोरं, तिकडं नुसता बरफ हाय!"

"काकी, तुमच्याकडं दुपारचं ऊन येतं. मी जास्त गार सोडते, थोडं थांबा," रुपालीने सांगितलं.

थोड्या वेळाने दुसरा फोन. "आमी मुलीवाले म्हणून आमाला गरम खोल्या काय? सांग तुज्या सायबाला, आमची माणसं बी माणसंच हायत."

मग मुलाकडचा एक बाप्या. "मुलीकडचे म्हणतात आम्ही त्यांचा गारवा चोरला. गारवा काय चोरायची वस्तू हाय काय?"

रुपालीला हसू आलं आणि काळजीही वाटली. पश्चिमेला होईल तितकं पाणी तिने सोडलं. चौकोन हळूहळू निळे व्हायला लागले होते. तेवढ्यात वीज गेली. जनरेटर लागला, पण त्या धक्क्याने दोनांतल्या एका यंत्राची मोटर जळाली.

साईनाथदादा घाम पुसत आत आले. "पोरी, एक गेली. दुसरी एकटी हाय. कल्याणहून माणूस सामान घेऊन निघालाय, पण सांज होईल."

पडद्यावर एकेक चौकोन तांबडा होऊ लागला. पाठोपाठ मॅनेजर धावत आले. माणूस वाईट नव्हता, पण घाबरला की त्याला एकच रस्ता दिसायचा.

"रुपाली, एक मशीन सगळ्या खोल्यांना पुरेल?"

"नाही सर. सगळ्यांना दिलं तर कुणालाच गार लागणार नाही. अर्ध्या खोल्यांना नीट पुरेल."

"मग पश्चिमेकडच्या बंद कर. अनंता शेठची माणसं नाराज झाली तर मालक मला ठेवणार नाहीत. मुलीकडचे आहेत, सांभाळून घेतील."

रुपालीचा हात माऊसवर होता. एका बोटाचं काम. पण मघापासून त्या खोल्यांतल्या बायकांचे आवाज तिने ऐकले होते. त्यांतली एक तर तिच्या मावशीसारखंच शब्द ओढून बोलायची. ऐन उन्हात त्यांच्या खोल्या बंद करायच्या, आणि तेही मुलीवाले म्हणून?

"सर," ती म्हणाली, "खोल्या बंद करू. पण माणसं कशाला बंद करायची? पूर्वेकडच्या खोल्या मोठ्या आहेत. मुलीकडच्यांना पण तिकडंच बसवू. सांजेपर्यंतचा तर प्रश्न आहे."

"ते एकत्र बसतील? मघापासून भांडतायत!"

"बोलून बघते."

"तू?"

"जाऊ द्या तिला," साईनाथदादा म्हणाले. "इथं मी बसतो. चौकोन मला बी कळतात."

रुपाली कंट्रोल रूमबाहेर आली. उन्हाने तिचे डोळे दिपले. अंगणातल्या मांडवात केळीचे खांब, आंब्याची तोरणं, हळदीची परात, सगळं मांडलेलं होतं, पण माणूस नव्हतं. आधी ती पूर्वेच्या मोठ्या खोलीकडे गेली. अनंता शेठ पलंगावर मांडी घालून बसले होते, भोवती भाऊबंद.

तिने सगळं सांगितलं. मोटर जळाली, एकच यंत्र चालू आहे, पश्चिमेच्या खोल्या भट्टीसारख्या होतील.

"तर त्यांना इकडं घ्यावं, असं माझं म्हणणं आहे, शेठ."

अनंता शेठनी भावाकडे पाहिलं. त्यांचा भाऊ म्हणाला, "आमी मुलाकडचे. लग्न लागायच्या आधीच त्यांनी आमच्या खोलीत यावं? मानपान काय ऱ्हायला मग?"

"मान उद्या मांडवात घ्या की," रुपाली पटकन बोलून गेली आणि तिचंच तिला कसंतरी झालं. पण अनंता शेठच्या मिशीत काहीतरी हललं. तरी ते हो म्हणेनात. "बघू," एवढंच म्हणाले.

ती पश्चिमेकडे गेली. तिथे तर दार उघडताच गरम वाफ तोंडावर आली. बायका पदराने वारा घेत होत्या, लहान मुलं फरशीवर पोट टेकून पडली होती. मध्ये प्रियांकाची आजी, रंगू. गावोगावी हळदीत धवळे, म्हणजे लग्नाची गाणी, म्हणणारी धवलारीण ती. वय झालेलं, पण ताठ बसलेली.

"तू कोण गो?"

"मी गारव्याची, आजी. फोनवर बोलले ना मघाशी."

"तू हायस ती? मला वाटला मशीनच बोलतो." सगळ्या हसल्या. "मंग? गारवा खैं गेला तुजा?"

रुपालीने पुन्हा सगळं सांगितलं. पूर्वेकडे चला म्हणाली. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. प्रियांकाची आई म्हणाली, "बोलावल्याबिगर कसा जायचा? उद्या पोरीला बोल लागंल."

रंगू आजीने क्षणभर विचार केला. मग शेजारची उशी काखेत मारली आणि उठली.

"पोरीला बोल लागंल, म्हातारीला कोण बोलतो? चल गो, दाखव खोली."

अनंता शेठच्या खोलीच्या दारात आजी उभी राहिली. आतले सगळे बाप्ये गडबडून उभे राहिले. आजी सरळ आत आली, पलंगाच्या कडेला उशी ठेवली आणि त्या गारव्यात पाय पसरून आडवी झाली.

"अनंता," डोळे मिटूनच ती म्हणाली, "तुजा बापूस माज्या धवळ्यांवर नाचलाय. त्याच्या लग्नात दोन दिस गात व्हतू मी. तवा मांडवात एसी नव्हता, पाला व्हता. कुनी मला इच्चारला नाय, तू कुठल्या बाजूची."

अनंता शेठ एकदम मोठ्याने हसले. इतके, की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"बाबा सांगायचे ती त्यांच्या लग्नातली रंगू मावशी काय तुमी? आणि मला कुनी सांगितला नाय?" त्यांनी वाकून तिच्या पायांना हात लावला. मग भावाकडे वळून म्हणाले, "बघत काय ऱ्हायलास? जा, सगळ्यांना घेऊन ये. गाद्या बी आण."

मग जी धांदल उडाली, ती रुपाली पुढे कितीतरी दिवस आठवून हसायची. पश्चिमेकडून गाद्या, उशा, पाण्याच्या कळशा, झोपलेली पोरं, चिवड्याचे डबे यांची मिरवणूकच निघाली. मुलाकडच्या पोरांनी मुलीकडच्या म्हाताऱ्यांना हात दिला. एका खोलीत बाप्यांनी पत्त्यांचा डाव मांडला, दुसरीत बायकांनी कांदे आणि सुऱ्या आणल्या. स्वयंपाक्याचं काम हलकं व्हावं म्हणून. मॅनेजर "गालिच्यावर कांदा नको!" म्हणत आला आणि त्यालाच एक सुरी मिळाली.

रुपालीने फोन लावला. "साईनाथदादा, पश्चिम सगळी बंद करा. माणसं इकडं आली. मोठ्या खोलीत जास्त सोडा, दाटी आहे."

"सोडला! पन आवाज कसला येतोय तिकडं?"

आवाज धवळ्यांचा होता. रंगू आजी उठून बसली होती. तिने आवाज लावला आणि मुलीकडच्या बायका तिच्यामागून ओळ ओढू लागल्या. देवांना बोलावणं झालं, मांडवाला, हळदीला बोलावणं झालं. मग आजीने डोळे मिचकावले आणि जागच्या जागी व्याह्यावर नवं जुळवलं:

"याही आमचा खडीचा धनी,
त्याच्या घरात नाय वनवा,
मशीन जळला, मान बी वितळला,
गारव्याला आला जनवा!"

शेवटच्या शब्दाचा अर्थ कुणालाच कळला नाही, बहुतेक आजीलाही नाही, पण यमक जुळलं होतं. खोली हसून कोसळली. मुलाकडच्या बायका काय मागे राहतात? त्यांनीही उलट रचून म्हटलं, मुलीकडच्यांनी इकडचा गारवा उशीत भरून नेला म्हणून. दुपारी ज्याच्यावरून भांडण झालं होतं, त्याचीच आता गाणी होत होती.

"तू का गो उभी?" प्रियांका रुपालीजवळ आली. नवरीच ती, पण आतापर्यंत कोपऱ्यात अंग चोरून बसलेली. आता तिच्या चेहऱ्यावरचा ताण गेला होता. "बस ना."

"माझी ड्युटी आहे."

"आमाला गार ठेवायची ना ड्युटी? आमी इथंच हावत." तिने रुपालीला हाताला धरून खाली बसवलं. समोर चिवड्याची ताटली आली. शेजारची म्हातारी विचारू लागली, कुणाची गो तू, कुठली, आई काय करते. उंबरमाळीची म्हटल्यावर तिच्या सुनेचं माहेर तिकडंच निघालं. इतके महिने या इमारतीत काम करून रुपाली पहिल्यांदाच तिथे कुणाच्या पंक्तीला बसली होती.

सांजेला कल्याणचा माणूस आला, त्याने नवी मोटर बसवली, दुसरं यंत्र सुरू झालं. साईनाथदादांनी पश्चिमेच्या खोल्या उघडल्या. थोड्या वेळाने त्यांचा फोन आला, "सगळ्या गार झाल्या बघ. सांग त्यांना, आपापल्या खोलीत जा."

रुपालीने सांगितलं. कुणी जागचं हललं नाही.

"ऱ्हाव दे गो," पत्त्यांतून मान न काढता अनंता शेठ म्हणाले. "आता कोन उठतो? आनि माजा डाव जिंकत आलाय."

"जिंकत आलाय म्हनं!" समोर बसलेले प्रियांकाचे वडील म्हणाले. "याही, पत्ते दाखवा आदी."

हळद मांडवात झाली. आधी कुणाची, मग कुणाची, असा प्रश्न कुणी काढलाच नाही. उष्टी हळद कुठून कुठे गेली, याचाही पत्ता लागला नाही. मॅनेजरचा पांढरा शर्ट पिवळा झाला. रंगू आजीने रुपालीच्या दोन्ही गालांना हळद फासली आणि म्हणाली, "तुज्या लग्नाला बोलव. धवळे फुकट."

"एसीत करायचं की मांडवात, आजी?"

"माणसा हायत तिथं."

दुसऱ्या दिवशी दुपारी लग्न लागलं. अक्षता पडल्या, बेंजो सुरू झाला. रुपाली कंट्रोल रूममध्ये होती. दार ढकलून साईनाथदादा आत आले.

"ऊठ. नवरी तुला बोलावते. म्हनते, ती गारव्याची आल्याबिगर वरात हलत नाय."

"आणि इथं?"

"इथं मी हाय ना. सगळे बाहेर उन्हात नाचतायत, खोल्यांत चिटपाखरू नाय. गार कुनाला करायचा?"

रुपाली निघाली. फाटकापाशी वरात थांबली होती. अनंता शेठ घामाने निथळत, फेटा सावरत नाचत होते. त्यांच्या समोर रंगू आजी कमरेवर हात ठेवून ठेका धरत होती आणि तिच्यापाशी एक जागा मोकळी होती. रुपालीने ओढणी कमरेला खोचली आणि गर्दीत शिरली.