माउथपीसवरच्या दोन खाचा

सोमवारी सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी मास्तरांनी क्लॅरिनेट तोंडाला लावलं आणि त्यांची खात्रीच पटली, की हा माउथपीस आपला नाही.

माउथपीस म्हणजे वाद्याचं ओठांत धरायचं टोक. खालच्या बाजूला वेताची पातळ पत्ती थरथरते, वरच्या बाजूला वादकाचे पुढचे दोन दात टेकतात. बावीस वर्षं रोज चार-पाच तास दात एकाच जागी टेकले, की कडक काळ्या रबरालाही खाचा पडतात. मास्तरांच्या माउथपीसवर अशा दोन खाचा होत्या. इतर वादक तिथे मऊ पट्टी चिकटवायचे. मास्तरांना तो प्रकार रेनकोट घालून अंघोळ केल्यासारखा वाटे. वाद्य तोंडात घेतलं की त्यांचे दात न बघता त्या खाचांत जाऊन बसत, रोजच्या चपलेत पाय जावा तसे.

त्या सोमवारी उजवा दात खाचेत बसला. डावा बसला नाही.

पहिलाच सूर किंचाळला. रंगमंचासमोरच्या खोलगट जागेत, जिला सगळे खड्डा म्हणत, सतरा वादक बसले होते. त्यांचे हात थांबले. वाद्यवृंदाचे संचालक हातातली छडी कधी खाली ठेवत नसत, म्हणून त्यांच्या पाठीमागे त्यांना सगळे छडी म्हणायचे. त्यांनी छडी वर धरूनच विचारलं, “मास्तर, खड्ड्यात बदक शिरलं का?”

सगळे हसले. डाव्या हाताला, दुसऱ्या खुर्चीवर बसलेला मास्तरांचा मेहुणाही हसला. इतरांपेक्षा जरा जास्तच हसला, असं मास्तरांना वाटलं.

दोन महिन्यांपासून सूर निसटत होते. आधी त्यांनी पत्ती विकणाऱ्यावर संशय घेतला, मग वाद्यांच्या कपाटातल्या ओलीवर. आता सगळं लख्ख दिसायला लागलं. पुढच्या आठवड्यात नवं नाटक उघडणार होतं. पडदा वर जायच्या आधी काळोखात दीड मिनिट एकटं क्लॅरिनेट वाजणार होतं. “गुरुवारी दोघांचं ऐकतो, मग ठरवतो,” असं छडीने जाहीर केलं होतं. दोघांचं! बावीस वर्षं पहिल्या खुर्चीवर बसलेल्या माणसाची परीक्षा, आणि तीही त्यानेच शिकवलेल्या, बायकोच्या धाकट्या भावासोबत. कपाटाच्या किल्ल्या दोनच होत्या. एक मास्तरांकडे, दुसरी मेहुण्याकडे.

घरी आल्या आल्या त्यांनी बायकोला विचारलं, “तुझा भाऊ शनिवारी तालीम संपल्यावर थिएटरात किती वाजेपर्यंत होता?”

“मी काय त्याची हजेरी घेते? त्यालाच विचारा.”

“त्याला विचारून तो सांगेल होय!”

“मग मला विचारून काय उपयोग?” ती कपड्यांच्या घड्या घालत होती. एक घडी पुरी करून तिने मान वळवली. “अहो, आणि जरा लांबून बोला. तोंडाला वास येतोय.”

हे ती वर्षभरात पाचव्यांदा म्हणाली होती. भावाचा विषय निघाला की हिला बरोबर वास येतो, अशी मास्तरांनी मनात नोंद केली.

तरी ते मोरीत गेले आणि दात घासून आले. ब्रश चुकून पुढे लागला आणि त्याचे केस गुलाबी झाले. पुढच्या दोन दातांपाशी रक्त येई, म्हणून वर्षभर ते ती जागा वगळूनच घासत. जखमेवर कोण ब्रश फिरवतं? आरशात दात थोडे लांब झालेले दिसले. वय झालं की माणसाचं काहीतरी लांबतं नाहीतर लोंबतं, असं ते स्वतःच सगळ्यांना सांगत. दुखत तर काहीच नव्हतं. त्यांच्या लेखी विषय तिथे संपला.

मंगळवारी तालमीच्या मधल्या सुट्टीत मेहुणा चहाला गेला, तेव्हा मास्तरांनी त्याची पेटी उघडली. मखमलीच्या कप्प्यात एकच माउथपीस होता, पट्टी चिकटवलेला. ते कप्प्याखाली बोटं घालत असताना मागून आवाज आला.

“भाऊजी, काय शोधताय?”

“माझं जे आहे ते.”

“माझ्या पेटीत?”

“तूच सांग.”

बासरीवाली, ढोलवाला, दोघे व्हायोलिनवाले, सगळे बघत होते. मेहुण्याने पेटी त्यांच्या हातातून काढून घेतली आणि छातीशी धरली. बोलला काहीच नाही. गप्प बसतो म्हणजे पाणी मुरतंय, असं मास्तरांनी धरलं आणि ते सरळ छडीच्या खोलीत गेले.

छडीने शांतपणे ऐकून घेतलं. “पुरावा?”

“खाचा माझ्या दातांच्या नाहीत. दातांच्या डॉक्टरकडून लिहून आणतो.”

“आणा. खरं निघालं तर त्याला एक दिवस ठेवणार नाही. गुरुवारपर्यंत त्याने तालमीला यायचं नाही, हेही सांगतो. पण मास्तर, खोटं निघालं तर?”

“निघणार नाही.”

बुधवारी मास्तर दवाखान्यात पोचले ते रुमालात माउथपीस गुंडाळून. डॉक्टर तिशीतली बाई होती. खुर्चीवर आडवं न होता ते काठावर ताठ बसले.

“मला तपासायचं नाही,” ते म्हणाले. “याला तपासायचं. हे दात माझे नाहीत, एवढं कागदावर लिहून द्या.”

तिने माउथपीस उजेडात फिरवून पाहिला. मग एक मेणाची पट्टी कोमट करून आणली. “काका, यावर हलकेच दात टेका. तुमचे दात पाहिल्याशिवाय तुमचे नाहीत हे मी कशावरून लिहू?”

हे मास्तरांना पटलं. त्यांनी दात टेकले. तिने पट्टी आणि माउथपीस शेजारी ठेवले आणि भिंग घेतलं. दोन्ही आलटून पालटून पाहिले. शेवटी तिने विचारलं, “तुमच्या डाव्या दाताचा कोपरा कधी तुटला?”

“लग्नाच्या आधी. जिन्यावरून पडलो होतो.”

“हे बघा. डावी खाच. कोपऱ्यात तिरपी कड आहे. आणि हा मेणातला ठसा. तीच कड.”

“योगायोग असेल.”

“उजवी खाच बघा. रुंदी तीच, वळण तेच. एकेक खाच घेतली तर एकेक दात नेमका बसतो. दोन्ही एकदम बसत नाहीत.” तिने मेणाकडे बोट केलं. “काका, दोन दातांच्या मधे ही फट कधीपासून आहे?”

“फट? असेल पहिल्यापासून.”

“खाचांच्या मधे नाहीये.”

मास्तरांनी भिंग स्वतःच्या हातात घेतलं. खाचा एकमेकींना चिकटून होत्या. मेणातले ठसे चिकटलेले नव्हते.

“तुम्ही माझ्या मेहुण्याला ओळखता का हो?” त्यांनी डोळे बारीक करून विचारलं.

“मी तुम्हालाही आजच ओळखायला लागलेय. आता मागे रेला.”

मास्तर रेलले. तिने खुणा कोरलेली बोथट, बारीक सळई घेतली आणि दात व हिरडी यांच्या मधे हलकेच सरकवली. सोबत ती आकडे बोलत होती. तीन. चार. तीन. पुढच्या दातांपाशी आली आणि म्हणाली, सात. मग दुसऱ्या बाजूला पुन्हा सात.

“हे काय सात सात?”

“मिलिमीटर. हिरडी निरोगी असेल तर सळई दोन-तीनच्या पुढे जात नाही. तुमची हिरडी दातापासून सुटलीय.” तिने आरसा त्यांच्या हातात दिला. हिरडीची कड जांभळट, फुगलेली होती आणि नुसत्या स्पर्शाने तिथे रक्त आलं होतं. “दातांवर रोज एक चिकट थर बसतो. निघाला नाही तर त्याचा दगड होतो. हिरडी सुजते, ब्रश लावला की रक्त येतं, तोंडाला वास येतो. लोक रक्ताला घाबरून तिथे ब्रशच लावत नाहीत आणि थर आणखी वाढतो. मग आत खोबण होते आणि दाताला धरून ठेवणारं हाड झिजत जातं. हाड गेलं की दात सरकतो. तुम्ही तर त्याला रोज पाच तास ढकलत होता.”

“पण दुखलं नाही कधी!”

“बहुतेकांना दुखत नाही. म्हणून इथे उशिरा येतात. सिगरेट?”

“दिवसाला सहा.” ती बघत राहिली. “आठ.”

“सिगरेटनेही हे वाढतं, आणि कधीकधी रक्त कमी दिसतं, त्यामुळे कळतही नाही. रक्तातली साखर तपासून घ्या. आत साचलेला दगड आपण काढू, हिरडी सावरली तर दात आतल्या बाजूने एकमेकांना बांधता येतील. गेलेलं हाड मात्र सहसा पूर्ण भरून येत नाही. आणि तीन महिने हे वाद्य तोंडाला लावायचं नाही.”

“उद्या लावायचंय.”

“एकदा वाजवल्याने दात पडणार नाही. पण तुम्ही एकदाच वाजवणार आहात का?”

तिने चिठ्ठी लिहून दिली. त्यात एकच मुद्दा होता: खाचा याच माणसाच्या दातांच्या आहेत.

घरी मास्तरांनी दार लावून घेतलं आणि आरशासमोर डाव्या दाताला बोट लावलं. दात पुढे गेला. बोट काढलं, मागे आला. चिठ्ठी खिशात होती आणि तिच्यातला मजकूर घरात दुसऱ्या कोणाला माहीत नव्हता. ती फाडली तर? डॉक्टर भेटली नाही, असं सांगितलं तर? मेहुण्यावर तोवर सगळ्यांचा संशय पक्का झालेला होता. पट्टी चिकटवून, दात जरा बाजूला टेकवून दीड मिनिट निभावलं असतं. महिनाभरही निभावलं असतं.

बायकोने दारावर टकटक केली. “काय म्हणाली डॉक्टर?”

“बघतोय.”

“तिने सांगितलं, आता तुम्ही काय बघताय?” मास्तरांनी दार उघडलं. ती समोरच उभी होती. “त्याने खरंच चोरी केली असेल तर मी त्याला या घरात घेणार नाही. माझा भाऊ असला तरी. फक्त तुम्ही माझ्याकडे बघून एकदा सांगा.”

मास्तरांनी टॉवेल उचलला आणि कोरडंच तोंड पुसत राहिले. ती आत निघून गेली.

गुरुवारी अकरा वाजता छडीच्या खोलीत तिघे जमले. मेहुण्याने आपली पेटी स्वतःच टेबलावर उघडून ठेवली होती.

“घ्या भाऊजी, आज नीट शोधा. अस्तरही उसवू का?”

“आणला पुरावा?” छडीने विचारलं.

मास्तरांनी चिठ्ठी टेबलावर ठेवली. “माउथपीस माझाच आहे. त्याला कोणी हात लावलेला नाही. माझे दात सरकलेत. हिरड्यांचा आजार आहे.”

छडीने चिठ्ठी दोनदा वाचली. मेहुण्याने वाचलीही नाही. “आता हा कुठला नवा डाव?”

“डाव नाही.”

“परवा सतरा जणांसमोर चोर ठरवलंत मला. बासरीवाली काल रस्त्यात भेटली, तर पर्स सावरून बोलत होती माझ्याशी. आणि आज एकदम दात सरकले?”

मास्तरांनी ओठ वर केला, डाव्या दाताला बोट लावलं आणि दात हलवून दाखवला. मागेपुढे, दोनदा. छडीने नजर खिडकीकडे वळवली. मेहुण्याने वळवली नाही.

“तीन महिने वाजवायचं नाही म्हणाली,” मास्तर म्हणाले. “तेव्हा माझं ऐकण्याचा प्रश्न नाही. आणि जे बोललो ते मी खाली जाऊन सगळ्यांसमोर परत घेतो.”

ते खड्ड्यात उतरले आणि त्यांनी ते केलं. चार वाक्यांत, उभ्याने. कोणी हसलं नाही. ढोलवाला जिभेने स्वतःचे दात चाचपत होता.

छडीने पहिल्या खुर्चीकडे बोट केलं. मेहुणा तिथे बसला नाही. “अशी नको. आधी ऐका, मग द्यायची तर द्या.”

तो आपल्या जागेवरून, उभा राहूनच ते दीड मिनिट वाजवू लागला. सूर स्वच्छ होता. इतका, की मास्तरांनी त्यात खोट शोधली आणि त्यांना ती लगेच सापडली.

“तिसऱ्या ओळीआधी श्वास घाईने घेतोस,” ते न राहवून बोलले. “तिथे थांबलास तरी चालतं.”

मेहुण्याने वाद्य खाली घेतलं. आता भांडण होणार, असं सगळ्यांना वाटलं.

“सांगायचं ते सांगा,” तो म्हणाला. “पण माझ्या पेटीपासून लांब उभे राहून.”

मास्तर दोन पावलं मागे सरले. मेहुण्याने ती पावलं नीट पाहिली, मग क्लॅरिनेट पुन्हा ओठांत धरलं आणि श्वास घेतला. या वेळी सावकाश.