कोरडी बाजू

आई नर्स होती त्या हॉस्पिटलात तिचं कपाट रिकामं करायला लेक आली, तेव्हा बाबा बाहेरच्या बाकावरच थांबले. आत जायला पाय उचलत नाही म्हणाले. वॉर्डाबाहेर घसरून, डोक्याला मार लागून आई गेली, तेव्हापासून त्यांचा एकच धोशा होता: "मी फोन केला, तो घ्यायला ती धावली." धड जेवतही नव्हते. खरं काय झालं ते आज विचारायचंच, असं लेकीनं ठरवलं होतं.

वॉर्डाबाहेर सफाईच्या मावशी फडकं पिळत होत्या. "सिस्टरांची लेक ना? नाक तेच," त्या म्हणाल्या. "चालही तीच, कुणी मागे लागल्यासारखी."

"आई धावत होती का हो?"

"छे. आभाळ कोसळलं तरी वॉर्डात धावायच्या नाहीत. आम्हालाच ओरडायच्या. आणि फोन तर कपाटात होता."

मग मावशींनी सांगितलं. इथं अर्धी वाट पुसतात, अर्धी चालायला कोरडी ठेवतात. सकाळी आधी खिडकीकडची. वर्षानुवर्षं हेच, त्यामुळे नर्सांचे पाय खाली न बघता भिंतीकडून जातात. त्या दिवशी खिडकीखाली स्ट्रेचर होतं. "मावशी, आज भिंतीकडून पुसा, पेशंटचा डोळा लागलाय," हे सिस्टरांनीच सांगितलं. आणि जरा वेळानं औषधांचा ट्रे घेऊन त्या भिंतीकडूनच आल्या.

"नवखं कुणी असतं तर खाली बघून चाललं असतं," मावशी म्हणाल्या आणि पुन्हा तेच फडकं पिळू लागल्या. त्यात पाणी उरलं नव्हतं.

लेकीला हायसं वाटलं, आणि लगेच वाटेनासं झालं. चूक बाबांची नव्हती. मावशींचीही नव्हती. मग रागवायचं कुणावर? आईवर?

बाहेर येऊन तिनं सगळं बाबांना सांगितलं.

"म्हणजे स्वतःच सांगून ती विसरली?"

"विसरली नाही बाबा. पाय सवयीनं गेले."

"तुझी आई? माझा चष्मा कुठे आहे ते ड्यूटीवरून सांगायची ती." बाबांनी मान हलवली. "मावशींची काहीतरी गल्लत होतेय. ती धावतच होती. फोन माझाच होता."

हे त्यांनी जवळजवळ हक्कानं म्हटलं. लेक गोंधळली. इतके दिवस जे ओझं उतरवायला ती धडपडत होती, ते बाबा सोडायलाच तयार नव्हते.

"परत जाऊन विचारून येऊ का?"

"नको," बाबा म्हणाले.