गाडी बंद करण्याआधी एक मिनिट

विश्वनाथची बदली शिलाँगला झाली आणि दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरखाली त्याची डिझेल गाडी नुसती उभी राहिली. सुनीतीकडे लायसन्स होतं, पण हिंमत नव्हती. सासूबाईंना मात्र आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यावं लागे. तेव्हा वरच्या मजल्यावरचे सूर्यकांतकाका म्हणाले, "मी शेजारी बसतो. तू चालव."

महिनाभर ते ऑफिस सांभाळून तिच्याबरोबर यायचे. कधी आवाज चढवला नाही. हट्ट एकच, घरी पोचल्यावर गाडी लगेच बंद करायची नाही.

"हिला टर्बो आहे, इंजिनात जादा हवा ढकलणारा पंखा. पळून आला की तापलेला असतो. इंजिन बंद केलंस की त्याला तेल मिळायचं थांबतं आणि आतलं तेल जळतं. एक मिनिट चालू राहू दे."

काका रिटायर होऊन गुरुग्रामला लेकीकडे गेले. सासूबाई वारल्या. विश्वनाथ परत आला. सुनीतीने ते मिनिट मात्र कधी चुकवलं नाही. मुलं पाठीमागून "मम्मी, चलो ना यार" करत राहायची.

दिल्लीत दहा वर्षांपुढची डिझेल गाडी चालवू देत नाहीत; तेवढी वर्षं होत आली, तशी ती दिल्लीबाहेर विकायची ठरली. नाशिकच्या गिऱ्हाइकाने मेकॅनिक पाठवला. त्याने एक पाइप सोडवून टॉर्चने आत पाहिलं.

"मॅडम, टर्बो नया डलवाया है?"

"नहीं, वही है."

"फिर जिसने भी चलाई, संभालकर चलाई है."

शनिवारी सुनीती तीच गाडी घेऊन गुरुग्रामला गेली आणि काकांना म्हणाली, "टर्बो अजून तोच आहे, तुमच्यामुळे. आभार मानायला आले."

काका हसले. "पानिपतला काला अंबचं युद्धस्मारक बघून यायचात, तेव्हा उपयोग झाला असेल. पण हॉस्पिटल केवढं लांब होतं? तीन किलोमीटर. तेही तू बैलगाडीसारखी यायचीस. त्यात कसला टर्बो तापतोय."

"मग दर वेळी का बसवायचात?"

"तुझे हात कापायचे, सुनीती. तशीच उतरून आईंना धरून जिना चढायला लागायचीस. नुसतं बस म्हटलं असतं, तर बसली असतीस का?"

त्या दिवसांत सगळे सासूबाईंची तब्येत विचारायचे, आणि ते बरोबरच होतं. तिच्याकडेही कुणाचं लक्ष होतं, हे तिला आज कळत होतं. तिने वाकून नमस्कार केला.

"अगं, हे काय," म्हणत काका मागे सरले.

चहा झाल्यावर ती म्हणाली, "उद्या गाडी जाणार. एक चक्कर मारू या?"

काका लगेच उठले. संध्याकाळचं ट्रॅफिक होतं, दोन्ही बाजूंनी हॉर्न वाजत होते. सुनीती शांतपणे गाडी काढत होती. पहिला मोठा चौक ओलांडेपर्यंत शेजारच्या सीटवर काकांना गाढ झोप लागली होती.