बोरिस दयानंद पगारे

बोरिस पगारेच्या वडिलांनी त्याचं एकच नाव ठेवलं होतं. बाकीची जगाने ठेवली. ओझरच्या शाळेत पहिल्या दिवशी गुरुजींनी हजेरी घेताना 'बोरिस' वाचलं, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. मधल्या सुट्टीपर्यंत त्याचा 'बोऱ्या' झाला होता. गणितात मार्क कमी पडले की बोऱ्याचा बोऱ्या वाजला, शून्यावर आउट झाला की बोऱ्याचा बोऱ्या वाजला. दहा वर्षं तोच विनोद, आणि करणाऱ्याला दर वेळी तो नवीनच सुचलेला असायचा.

पुण्याला इंजिनिअरिंगला गेल्यावर विनोद थांबले आणि चौकशा सुरू झाल्या. "बोरिस म्हणजे ख्रिश्चन का?" "नाही." "मग पूर्ण नाव काय?" पूर्ण नाव सांगितलं की समोरचा "अच्छा, अच्छा" म्हणायचा आणि पावसापाण्याचं बोलायला लागायचा.

नोकरीसाठी मस्कतला आल्यावर तिसराच प्रकार. अल् खुवैरमध्ये फ्लॅट बघायला गेला तेव्हा फोनवर "येस मिस्टर बोरिस, वेलकम मिस्टर बोरिस" करणारा एजंट खाली फाटकाशी उभा होता. बोरिस समोर जाऊन उभा राहिला. एजंट त्याच्या खांद्यावरून रस्त्याकडे बघत राहिला.

"बोरिससाहेब मागून येतायत का?" त्याने हिंदीत विचारलं.

"आलेत," बोरिस म्हणाला.

फ्लॅट मिळाला, पण एजंटचा उतरलेला चेहरा बोरिसच्या मनातून उतरला नाही. नावाबद्दल बाबांनी लहानपणी एवढंच सांगितलं होतं, की ओझरच्या विमानांच्या कारखान्यात ते फिटर होते तेव्हा तिथे बोरिस नावाचे एक रशियन साहेब होते, त्यांच्यावरून ठेवलं. कुठल्यातरी गोऱ्या साहेबाला खूश करायला बापाने आपला बळी दिला, असं बोरिसने मनाशी धरलं होतं आणि पुढे कधी विचारलं नव्हतं.

त्रेचाळिसाव्या वर्षी पासपोर्टची मुदत संपत आली, तेव्हा त्याने नाव बदलायचं नक्की केलं. भूषण. साधं, सरळ, कुणी दोनदा विचारणार नाही असं. बायकोला, सरिताला, त्याने फॉर्म दाखवला. तिने तो नीट वाचला.

"सोळा वर्षं बोरिस म्हणून हाक मारतेय," ती म्हणाली. "आता भूषण म्हटलं तर मलाच वाटायचं, शेजाऱ्याला बोलावतेय."

"होईल सवय."

"आणि बाबांना काय सांगणार?"

बाबा म्हणजे दयानंद पगारे, वय बहात्तर. थंडीचे दोन महिने ते मुलाकडे मस्कतला आले होते आणि सकाळी फिरायला जाऊन आख्ख्या बिल्डिंगशी ओळख करून बसले होते. त्यांना विमानात बसवून दिल्यावर अर्ज भरायचा, असं बोरिसने ठरवलं. फॉर्म त्याने टीव्हीखालच्या खणात ठेवून दिला.

त्याच आठवड्यात मस्कतजवळच्या बरका गावातल्या कारखान्यात एक प्रकार घडला. समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या या कारखान्यात बोरिस पंपांचं काम बघायचा. नवे पंप आले होते आणि ते चालू करून द्यायला कंपनीने युरोपातून एक तज्ज्ञ पाठवला होता. सकाळी साडेआठला फाटकावरून मजीदचा फोन आला. मजीद तिथला सुरक्षारक्षक, सोहारकडचा, नऊ वर्षं त्याच फाटकावर.

"बोरिसभाई, इथे एक माणूस आलाय. बोरिसच्या नावावर आत घुसायला बघतोय."

"मग?"

"मी सांगितलं, खलास, बोरिस आत गेला सात वाजता. तर म्हणतो, मी बोरिस. मी म्हटलं, बाबा, बोरिस हिंदुस्तानी असतो. मी ओळखतो बोरिसला. तू बोरिससारखा दिसत नाहीस."

बोरिस धावतच फाटकावर गेला. सहा फूट उंचीचा, पांढऱ्या मिशांचा एक गोरा गृहस्थ टूलबॉक्सवर बसून रुमालाने मान पुसत होता. मजीद त्याला पाणी देत होता, पण आत सोडत नव्हता.

"तुम्ही बोरिस?" गोऱ्या माणसाने इंग्रजीत विचारलं.

"हो. बोरिस पगारे."

"मी बोरिस पेत्रोव. बल्गेरियाचा." त्याने उठून हात पुढे केला. "एकसष्ट वर्षांत पहिल्यांदाच मला कुणी सांगितलं, की मी बोरिससारखा दिसत नाही."

बोरिसला आधी ओशाळल्यासारखं झालं आणि मग हसू फुटलं. इतकी वर्षं लोकांना त्याच्या जागी दुसराच कुणी हवा असायचा. आज तो दुसरा कुणी फाटकाबाहेर घामाने निथळत होता आणि मजीदच्या लेखी खरा बोरिस तो स्वतः होता.

पेत्रोव माणूस उमदा निघाला. तीन दिवस दोघांनी मिळून पंप जुळवले. गुरुवारी संध्याकाळी हात धुताना बोरिसने त्याला शुक्रवारच्या जेवणाचं आमंत्रण दिलं. घरी म्हातारे वडील आहेत, त्यांना रशियन साहेबांची फार आठवण येते, एवढं सांगितलं.

शुक्रवारी सरिताने काळ्या मसाल्यातलं मटण केलं, बाजरीच्या भाकरी थापल्या. दयानंदांनी सकाळीच दाढी केली आणि इस्त्रीचा शर्ट घातला. पेत्रोव दारात आले तसे ते पुढे झाले आणि त्यांनी बोरिसने जन्मात न ऐकलेल्या आवाजात रशियनमध्ये नमस्कार घातला, "झ्द्रास्तुइत्ये."

पेत्रोवांच्या मिशा हलल्या. त्यांच्या लहानपणी बल्गेरियात शाळेत रशियन शिकावंच लागायचं, ते त्यांनी बाहेर काढलं. दयानंदांकडे चाळीस-पन्नास शब्द होते, तेही सगळे कारखान्यातले. क्ल्यूच म्हणजे पाना. गायका म्हणजे नट.

"गायक नाही आणि नाटकातला नटही नाही," ते नातीला, विशाखाला समजावत होते. "बोल्टवर बसतो तो."

चौदा वर्षांच्या विशाखाला त्यातलं निम्मंच कळलं, पण आजोबा परदेशी भाषा बोलतात हे बघून ती फोन बाजूला ठेवून बसली होती.

जेवताना दयानंद अभिमानाने म्हणाले, "माझ्या मुलाचं नाव आम्ही खास रशियन ठेवलं." बोरिसने ते इंग्रजीत सांगितलं.

पेत्रोवांनी भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. "रशियन?" ते म्हणाले. "माफ करा, नाव आमचं आहे. बल्गेरियाचं."

"असं कसं?" बोरिसने ते मराठीत सांगितल्यावर दयानंद म्हणाले.

"नवव्या शतकात आमचा राजा होता बोरिस. त्याने ख्रिस्ती धर्म घेतला. मग आमच्याकडून नाव किएव्हला गेलं. तिथे बोरिस नावाचा राजपुत्र मारला गेला, संत झाला. मग सगळे रशियन पोरांना बोरिस म्हणायला लागले. नंतर जर्मनी, फ्रान्स, इंग्लंड. सगळीकडे."

दयानंदांचा चेहरा पडला. त्रेचाळीस वर्षं जे नाव रशियन समजत होते, ते दुसऱ्याच गावचं निघालं. त्यांनी मटणाचा रस्सा उगाच ढवळला.

"आणि खरं सांगायचं," पेत्रोव जरा खासगीत सांगावं तसे पुढे झुकले, "ते आमचंही नसावं. जुने बल्गार घोड्यांवरून आशियातून आले, ते तुर्कांसारखी भाषा बोलायचे. बहुतेक त्यांचं नाव. काही पंडित म्हणतात, अर्थ लांडगा. काही म्हणतात, बुटका."

सरिताने नवऱ्याकडे पाहिलं. बोरिसची उंची पाच फूट तीन इंच होती. तिने पदर तोंडाला लावला.

"नंतर स्लाव लोकांना वाटलं, हे बोरिस्लावचं छोटं रूप असणार," पेत्रोव घाईने म्हणाले. "बोर म्हणजे लढाई, स्लावा म्हणजे कीर्ती."

विशाखाने एव्हाना फोनवर शोधलं होतं. "आजोबा, हे स्लावा आहे ना, ते संस्कृतचा कझिन आहे. श्र... श्रवस्. श्रवण आहे ना, तसा."

"म्हणजे ऐकू येतं ते," दयानंद म्हणाले. त्यांना थोडं बरं वाटलेलं दिसलं.

"पण पप्पा नाव चेंज करणार आहे," विशाखा सहज म्हणाली. "भूषण. फॉर्म टीव्हीच्या खाली आहे."

दयानंदांनी हातातला घास ताटात ठेवला. पेत्रोवांना मराठी कळत नव्हतं, पण तेही जेवायचे थांबले. बोरिसच्या कानांच्या पाळ्या तापल्या.

"बाबा, मी सांगणारच होतो."

"बदल की," दयानंद म्हणाले. आवाजात राग नव्हता. "नाव तुझं आहे. आम्ही ठेवलं, वापरायचं तुला. त्रास झालाच असेल."

"तसं नाही. पण एका साहेबासाठी..."

"साहेबासाठी नाही. तुझ्या आजोबांसाठी."

बोरिसला काही कळेना. दयानंदांनी पाण्याचा घोट घेतला आणि मग सावकाश सांगायला लागले. बोरिस अधूनमधून पेत्रोवांना इंग्रजीत सांगत गेला.

"माझ्या वडलांचं नाव कचरू. तुला माहीत आहे. आधीची दोन लेकरं गेली म्हणून आजीने मुद्दाम तसं ठेवलं, नजर लागू नये म्हणून. पण गावाला काय, आयतंच सापडलं. पोरंटोरंसुद्धा त्यांना 'ए कचऱ्या' म्हणायची. मी कारखान्यात लागलो, तर पहिल्या दिवशी बोरिस अलेक्सेयेविच, म्हणजे ते रशियन, त्यांनी दुभाष्याकरवी नाव विचारलं. मी सांगितलं. मग म्हणाले, वडलांचं नाव? म्हटलं, इथेही जात काढतात की काय. मी हातातला पाना पुसायला लागलो. तेव्हा आमच्या फोरमननेच ओरडून सांगितलं, 'कचरू!' आणि चार जण हसले."

"मग?" सरिताने विचारलं.

"ते हसले नाहीत. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, 'दयानंद कचरूविच.' मला वाटलं, चेष्टा करतायत. नंतर कळलं, त्यांच्यात ज्याला मान द्यायचा त्याला बापाच्या नावासकट हाक मारतात, कचरूविच म्हणजे कचरूचा मुलगा. तीन वर्षं तो माणूस आख्ख्या शेडमध्ये सगळ्यांसमोर मला कचरूविच म्हणत होता. हळूहळू फोरमनही म्हणायला लागला."

पेत्रोव मान हलवत होते. "आमच्याकडेही मधलं नाव वडलांचंच," ते म्हणाले. "बोरिस गेओर्गिएव पेत्रोव. माझे वडील गेओर्गी."

"एकदा वडील बाजरीचं पोतं घेऊन मला भेटायला आले," दयानंद पुढे सांगत होते. "बसथांब्यावर हे साहेब भेटले. मी ओळख करून दिली. त्यांनी टोपी काढली आणि विचारलं, 'कचरू... आणि तुमच्या वडलांचं नाव?' वडील माझ्याकडे बघायला लागले. म्हणाले, 'दया, शिवी द्यायची सोडली तर माझ्या बापाचं नाव कुणी काढलं नव्हतं रे.' आज्याचं नाव राघो. साहेब म्हणाले, 'कचरू राघोविच.' त्या रात्री वडलांनी मला जेवताना तीनदा विचारलं, तो काय म्हणला ते पुन्हा म्हण."

पेत्रोवांनी दयानंदांच्या ग्लासात पाणी ओतलं.

"पुढच्या वर्षी तू झालास. नाव वडलांनी सांगितलं. मला खरं म्हणजे सिद्धार्थ ठेवायचं होतं. पण ते ऐकेनात. म्हणाले, त्या माणसाचं ठेव."

"हे मला कधी सांगितलं नाहीत," बोरिस म्हणाला.

"तू कधी विचारलंस? शाळेतून यायचास तो दप्तर फेकूनच. त्यात कचरू हे नाव पोरांना कळलं असतं, तर तुझे आणखी हाल केले असते. म्हटलं, राहू दे."

मग सरिताने भाकरी वाढायला घेतली आणि पेत्रोवांनी तिसऱ्यांदा रस्सा मागितला. जाताना त्यांनी दयानंदांचा हात दोन्ही हातांत धरला आणि मोठ्याने रशियनमध्ये आभार मानले, "दयानंद कचरूविच, स्पसिबा." जिन्यात उभ्या असलेल्या शेजारणीने काय झालं म्हणून दार उघडून पाहिलं.

रविवार तिथे कामाचा, म्हणून बोरिस अर्धा दिवस रजा काढून मस्कतच्या बाजारभागात, रुवीला गेला. दयानंदही निघाले, कारण त्यांना रुवीच्या दुकानातून शेवगा घ्यायचा होता. दुसऱ्या मजल्यावर पासपोर्टचे अर्ज भरून देणारं छोटं ऑफिस होतं. दयानंद गुडघ्यांमुळे खाली चहाच्या टपरीपाशी थांबले. काउंटरवर शकीला नावाची हैदराबादची बाई होती. बोरिसने भूषणचा फॉर्म बाजूला सारला आणि कोरा मागितला.

"जुन्या पासपोर्टवर नुसतं बोरिस आहे, मग आडनाव," तो हिंदीत म्हणाला. "नावाच्या रकान्यात आता 'बोरिस दयानंद' लिहायचं आहे."

शकीलाने चष्म्यावरून पाहिलं. "एवढंच? याच्यासाठीसुद्धा प्रतिज्ञापत्र लागेल, पेपरात जाहिरात लागेल. पूर्ण नाव बदलायला जेवढे कागद, तेवढेच."

"लागू देत."

"आधीचंच ठेवलंत तर आज काम होईल."

"घाई नाही," बोरिस म्हणाला.

तिने अर्ज टाइप केला, छापला, त्याने सही करून पावती घेतली; बाकीचे कागद नंतर आणून द्यायचे होते. खाली आला तेव्हा दयानंद टपरीवाल्या मल्याळी माणसाला बल्गेरियाच्या राजाची गोष्ट सांगत होते. बोरिसने पावती त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती डोळ्यांपासून लांब धरली, मग जवळ आणली.

"दयानंदोविच लिहिणार होतो," बोरिस म्हणाला, "पण तिथे कोण समजून घेणार."

दयानंदांनी नाक पुसलं आणि पुन्हा पावती वाचली.

"बोरिस," ते म्हणाले, "माझ्या नावात शेवटी डी असतो. इथे टी आहे."

बोरिसने वाचलं. खरंच टी होता. कुणीतरी दयानंट पगारे नावाचा गृहस्थ त्याचा बाप झाला होता. तो हसत सुटला, टपरीवाला हसला, आणि दयानंद चहाचा पेला ठेवून, गुडघ्यांचं विसरून, त्याच्या पुढे जिना चढायला लागले.