पिवळी पाटी

"वहिनी, पिवळी काढा," ओनोदेरा म्हणाले.

मी ऐकलंच नाही असं दाखवलं. पाऊस होता, इंजिनांचा गोंगाट होता. ऐकू न येण्याला पुरेशी कारणं होती.

"वहिनी."

"आकडे पुसतेय. भिजलेत."

"आकडे राहू द्यात. पिवळी काढा."

ओनोदेरा आमच्या संघाचे प्रमुख. त्यांच्या टोपीच्या कडेवरून पाणी गळत होतं आणि ते माझ्याकडे न बघता समोरच्या धुक्याकडे बघत होते. पिवळी मागायची असली की ते माझ्याकडे बघत नाहीत.

*

पहिला
मागे इनुई, सहा सेकंद
फेऱ्या अकरा

ही मी आत्ताच दाखवलेली पाटी. पहिला म्हणजे कुरामोची, माझा नवरा; इनुई आमच्याच संघातला पोरगा. आडनाव माझंही तेच, पण ट्रॅकवर मी त्यांना आडनावानंच म्हणते. घरी 'अहो'.

गाडीत रेडिओ आहे. पण ह्या फुजी ट्रॅकच्या पावसात त्यातून कढईत कोळंबी तळल्याचा आवाज येतो, दुसरं काही नाही. म्हणून पाटी. ट्रॅकच्या कडेच्या भिंतीवरून मी ती बाहेर धरते, गाडी समोरून जाते, ते वाचतात आणि स्टिअरिंगवरचं एक बोट उचलतात. वाचलं. झालं. लग्न झाल्यापासून आमचं निम्मं बोलणं हे असं झालंय.

पांढऱ्या पाटीवर काळे आकडे: कितवा, मागे कोण, किती उरलं. पिवळ्या पाटीवर फक्त एक नंबर, आपल्याच संघातल्या दुसऱ्या गाडीचा. अर्थ: त्याला पुढे जाऊ दे.

*

जे दिसतं, जे दिसत नाही

घरी कुरामोची शिडीवर चढत नाहीत. बल्ब मी बदलते. आमचं टायरचं दुकान आहे, तिथे गिऱ्हाईकानं जरा आवाज चढवला की हे ढिगामागे जाऊन उभे राहतात आणि भांडते मी. रस्ता ओलांडताना माझी बाही धरतात.

आणि मग हे.

आधी आवाज. शेवटच्या वळणामागून, धुक्याच्या आतून, कोणीतरी लांबच लांब कापड फाडत यावं तसा. मग नुसतं पांढरं. त्या पांढऱ्यात दोन दिवे. ते हळूहळू मोठे होत नाहीत, एकदम समोरच असतात. छातीतली हाडं हलतात, पाण्याची भिंत अंगावर कोसळते. गेले. मागे तापलेल्या रबराचा वास आणि ओलीचिंब मी.

बाकीची फेरी मला दिसत नाही, ऐकू येते. त्या दिवशी इतर गाड्यांचे आवाज अडखळत, घसरत येत होते. ह्यांचा सलग. सगळे ज्या रेषेवरून गाडी नेतात तिथे रस्त्यावर रबर साचलेलं असतं आणि पावसात त्याचा साबण होतो. म्हणून हे त्या रेषेच्या बाहेरून, जिथून कोणी जात नाही त्या खडबडीत कडेवरून जात होते. समोरचं दिसत नसताना. पुढचं वळण आठवणीतून काढून घेत होते.

इतक्या वर्षांत मला ह्याची सवय व्हायला हवी होती. झाली नाही. देवळातली मोठी घंटा अगदी जवळ वाजली की हात आपोआप जोडले जातात, तसं काहीतरी दर फेरीला होतं. फक्त हातात पाटी असते.

*

पिवळी, नंबर दोन.
तेव्हा आमचं नवीन लग्न. कुरामोची नुमाझूत लॉन्ड्रीची गाडी चालवायचे, आणि अशी चालवायचे की गिऱ्हाइकाच्या घरी पोचेपर्यंत शर्टांच्या घड्या मोडायच्या. मालकानं काढून टाकलं. त्याच महिन्यात छोट्या गाड्यांच्या शर्यतीत हे तिसरे आले आणि ओनोदेरा घरी आले. त्यांचे केस तेव्हा काळे होते.
"दुसरा ड्रायव्हर म्हणून घेतो," ते म्हणाले.
"दुसरा म्हणजे?" मी विचारलं.
"पहिल्याच्या मागे."
मला वाटलं, गंमत करताहेत.

पिवळी, नंबर सात.
इंग्लंडहून परतल्यावरची. एक वर्ष तिकडे काढलं, खाटकाच्या दुकानावरच्या खोलीत, भाषा येत नसताना, दुसऱ्याच्या उरलेल्या भागांतून जोडलेल्या गाडीत. एकदा तिथल्या पहिल्या ड्रायव्हरनं सरळ रस्त्यावर हात हलवून ह्यांना पुढे सोडलं. सगळ्यांदेखत, पाहुण्याला आग्रहानं वाढावं तसं. हे तिसरे आले, कप मिळाला. परत येताना तो कप त्यांनी खोलीतच ठेवला.
"का हो?"
"सोडलेली जागा घशाखाली उतरत नाही."

पिवळी, नंबर सात. पुन्हा.

पिवळी, नंबर पाच.
पाय मोडून परत आले ते वर्ष. आठवडाभर नव्या गाड्यांचे ब्रेक तपासून द्यायचे, रविवारी शर्यत, सोमवारी लंगडत दुकानात.

पिवळी, नंबर एक.

प्रत्येक वेळी मी धरली. प्रत्येक वेळी बोट उचललं गेलं आणि आमची गाडी अदबीनं बाजूला झाली. मोठ्या गाड्यांच्या शर्यतीत कुरामोची एकदाही पहिले आलेले नाहीत.

*

"ओनोदेरासान, आज त्यांची शेवटची शर्यत आहे."

"ठाऊक आहे."

"उद्यापासून नुसते टायर विकणार आहेत."

"मग मला काय हौस आहे का, वहिनी? इनुई पहिला आला तर वर्षाचं अजिंक्यपद त्याचं. दुसरा आला तर नाही. सबंध संघाचं वर्ष आहे हे."

"मग म्हणावं, ये आणि घे. सहाच तर सेकंद आहेत. चोवीस वर्षांचा घोडा आहे की."

"घेता आलं असतं तर तुमच्या पाया पडायला आलो असतो का?" आणि आता त्यांनी माझ्याकडे बघितलं. "ह्या पावसात कुरामोचीला कोणी गाठू शकत नाही. बघताय ना तुम्ही? मी असं कधी बघितलं नाही हो. आयुष्यात नाही."

त्यांच्या गालावर पाणी होतं. पावसाचंच असेल.

"तुम्हाला जमत नसेल तर दुसऱ्या कुणाला सांगतो."

"दुसऱ्याच्या हातातली त्यांना दिसणार नाही. ह्या धुक्यात ते मला शोधतात, पाटीला नाही."

हे खरं होतं. आणि हेही खरं होतं की माझ्या हातातली दिसली नाही असं ते म्हणू शकले असते. कोण खोटं पाडणार होतं? मी पाटी जराशी तिरकी धरली असती तरी पुरे होतं.

सरळ धरली. वाचायचं की नाही हे त्यांचं, दाखवायचं माझं.

*

१४

पिवळ्यावर काळा. इनुईचा नंबर.

आवाज. पांढरं. दिवे. गेले.

बोट उचललं नाही.

"दिसली नाही?"

"धुकं आहे," मी म्हणाले.

"पुन्हा."

१४

आवाज. पांढरं. दिवे. गेले.

"काय झालंय ह्याला? पुन्हा!"

१४

नाही.

ओनोदेरांनी टोपी काढून भिंतीवर आपटली. "म्हातारा बंड करतोय! आज! सगळं सोडून आज!"

"करू दे की," मी म्हणाले. माझ्या तोंडून असं काही निघेल हे मलाही ठाऊक नव्हतं. आत ढोल वाजायला लागला होता. दिसलीय. तिन्ही वेळा दिसलीय, आणि माणूस ऐकत नाहीये! शिडीवर न चढणारा माझा नवरा! मी पिवळी पायाशी टाकली आणि पांढरी उचलली. चला, म्हटलं. जा आता. घेऊन या.

*

मागे इनुई, पाच
मागे इनुई, चार
मागे इनुई, अडीच

"पोरगं जवळ येतंय!" ओनोदेरा ओरडले. "वहिनी, पोरगं स्वतःहून येतंय! कुरामोची दमला!"

मला ते आधीच ऐकू आलं होतं. डोंगराकडच्या वळणावर वेग वाढवायला पाय जरा उशिरा दिला गेला. अगदी जरासा, तांदूळ धुताना पाणी ओतणारा हात किंचित थांबावा इतका. पुढच्या फेरीला दुसऱ्याच वळणावर. मग दोन वळणांवर.

दमले नव्हते. दमलेला आवाज फाटतो. हा फाटत नव्हता. पतंग उडवणाऱ्यानं मांजा बेतानं सैल सोडावा तसा तो सैल होत होता. प्रत्येक ठिकाणी थोडा, कुठेच सारखा नाही. सुटलेला वेग हातातून निसटतोय असं वाटावं, आणि तो तर मोजून दिला जात होता, पावसात, न दिसणाऱ्या रस्त्यावर, ज्या कडेवर इतरांना नुसतं टिकून राहणं जमत नव्हतं तिथून. पहिलं येण्यापेक्षा हे अवघड होतं. मी भिंतीला घट्ट धरलं. ढोल केव्हाच थांबला होता, पण त्याच्या जागी जे आलं त्याला दुःख म्हणता आलं नसतं. मी फक्त ऐकत होते. असं काही पुन्हा ऐकायला मिळणार नव्हतं.

शेवटून दुसरी फेरी. पांढऱ्यातून चार दिवे एकदम आले. सरळ रस्त्याच्या टोकाला, जिथे धुकं जरा विरळ होतं, पहिल्या वळणाआधी, इनुईनं आतून घुसायला बघितलं. कुरामोचींनी गाडी आड घालून दार लावलं. तो बाहेरून आला. इकडूनही लावलं. लोक उभे राहिले. छत्र्या खाली पडल्या. पुन्हा आतून.

ह्या वेळी दार लावलं, पण कडी घातली नाही.

ब्रेकचा आवाज एक श्वास आधी आला. एवढंच. त्या फटीतून नंबर चौदा पुढे गेला आणि सगळं फुजी ओरडलं.

"हिसकावून घेतलं!" ओनोदेरा नाचत होते. "बघितलंत? पिवळी नाही, काही नाही! पोरानं हिसकावून घेतलं!"

*

दुसरा
फेऱ्या एक

ही पाटी वाचून बोट उचललं गेलं.

*

शर्यतीनंतर इनुई पळत आला. हेल्मेटचे वळ गालांवर, गळ्यात हार, नाक लाल.

"कुरामोचीसान! मला वाटलं होतं तुम्ही सोडणार. पिवळी दाखवणार हे मला माहीत होतं, रात्रभर झोपलो नाही मी. मला तसलं नको होतं. आणि तुम्ही सोडलंच नाहीत!" तो हसत होता आणि रडत होता. "पहिल्या वळणाला तर वाटलं, हा माणूस आता मला गवतात घालतोय."

"घालणारच होतो," कुरामोची म्हणाले. "ब्रेक लवकर लागला. वय झालं."

"वय कसलं हो!"

"तुझं होईल तेव्हा कळेल, गाढवा. जा, फोटोवाले थांबलेत."

तो गेल्यावर ओनोदेरा पुढे आले. कुरामोचींनी कमरेतून वाकून मान खाली घातली.

"पाटी दिसली नाही. धुकं होतं. माफ करा."

"इतक्या वर्षांत एकदाच दिसली नाही," ओनोदेरा म्हणाले. "आणि ती आज."

"माफ करा."

"पोरानं मिळवलं म्हणून निभावलं." त्यांनी टोपी झटकली. "संध्याकाळी गोतेम्बाला संघाचं जेवण आहे. पण तुम्ही दमला असाल. घरी जा."

मी तोंड उघडलं. कुरामोचींनी वाकल्या वाकल्या माझ्याकडे बघितलं. मी पाटीवरचे आकडे काढायला लागले.

*

दुकानाची छोटी गाडी, मागे टायर. घरी जाणाऱ्या लोकांची रांग गोतेम्बाच्या उतारावर मुंगीच्या चालीनं सरकत होती. कुरामोची रस्त्यावर गाडी चालवतात ती नवशिक्या सुनेनं चालवावी तशी: पाठ ताठ, पुढच्या गाडीपासून हातभर जास्तच लांब.

"अहो."

"हं."

"दिसली होती ना?"

वायपर इकडून तिकडे गेला. तिकडून इकडे आला.

"आज दोन्ही हातांनी धरली होतीस," ते म्हणाले. "एरवी एका हातानं धरतेस."

मी डब्यातला भाताचा गोळा काढून त्यांच्या हातात दिला. तो त्यांनी स्टिअरिंगवर वाकून, दाण्यागणिक खाल्ला.

डाव्या हाताला शेतातून एक रस्ता येऊन मिळत होता. तिथे कोबी भरलेला एक लहानसा ट्रक तोंड काढून उभा होता. केव्हाचा उभा असावा. त्याच्यासमोरून गाडीला गाडी चिकटून जात होती आणि आत शिरायला कोणी जागा देत नव्हतं. कुरामोचींनी ब्रेक दाबला, दिव्यांची एकदा उघडझाप केली. ट्रक अडखळत आमच्यापुढे आला. चालवणारा दिसलाही नाही. मग त्याच्या मागच्या दोन्ही बाजूंचे दिवे लुकलुकले. इकडे रस्त्यावर आभार असेच मानतात. एकदा, दोनदा, तीनदा, नारिंगी उजेड आमच्या ओल्या काचेवर पसरला आणि विझला.

कुरामोचींनी स्टिअरिंग धरूनच त्या ट्रकपुढे मान लववली. रांग पुढे सरकली, मागच्या कुणीतरी भोंगा वाजवला, तरी त्यांनी मान लगेच वर केली नाही.