टोपलीतल्या सोंगट्या

माझं घर नऊ बाय नऊचं. एक्याऐंशी चौकोन, आणि बाहेर पडायला एकही दार नाही. मित्रांनो, मी आहे जपानी बुद्धिबळाचा खेळ. मोबाइलमधला नव्हे हं! टेबलावरच्या जाडजूड कॉम्प्युटरमधला, माउसने खेळायचा, चांगला बारा वर्षांचा जुना खेळ. जपानमध्ये मला शोगी म्हणतात. रेवदंड्याच्या या घरात मला 'डबा' म्हणतात. चालायचंच.

मला डोळे नाहीत, कारण या कॉम्प्युटरला कॅमेराच नाही. पण घरातल्या प्राप्तीने, म्हणजे नववीतल्या मुलीने, मोबाइलवरची शाळा असायची तेव्हाचा एक हेडफोन मागे खोचून ठेवलाय, तो अजून तसाच लोंबतोय. त्याच्या काडीएवढ्या माइकमधून मला सगळं ऐकू येतं. आजी सोडे, म्हणजे सुकवलेली कोलंबी, निवडते ते, बाहेर अलिबागची रिक्षा सवारीसाठी ओरडते ते, आणि त्यामागे समुद्र. समुद्र शंभर पावलांवर आहे म्हणे. मी बारा वर्षांत एकदाही पाहिलेला नाही.

मला बनवणारा माणूस जपानी. दिवसा कुठेतरी नोकरी करायचा आणि सुट्टीच्या दिवशी हौसेने मला घडवायचा. मी पुरा झालो तेव्हा त्याने मला फुकट वाटून टाकलं. लेकराला असं कुणी वाटतं का? पण त्यामुळेच मी फिरलो. मालवाहू जहाजावरच्या एका जपानी इंजिनिअरकडून मी पेनड्राइव्हमध्ये शिरलो, तो पेनड्राइव्ह प्राप्तीच्या बाबांच्या, अल्पेशच्या, खिशात गेला. अल्पेश त्याच जहाजावर काम करतो. सुट्टीवर आला, मला या कॉम्प्युटरमध्ये उतरवलं आणि पुन्हा आठ-आठ महिन्यांच्या फेऱ्यांवर निघून गेला. एवढा समुद्र ओलांडून आलो, पण खिशातून!

माझी सगळी बटणं जपानीत. अल्पेशने कोणती सोंगटी कशी चालते त्याचा तक्ता वहीच्या पानावर काढून मॉनिटरला चिकटवला. हत्ती सरळ, उंट तिरका, भाला फक्त पुढे. शिवाय माझ्याकडे सोनं आणि रुपं नावाचे सरदार आहेत, ते राजाला राखतात. सोंगट्या सगळ्या एकाच रंगाच्या, पाच कोनांच्या. टोक समोरच्याकडे वळलेलं असेल, तर सोंगटी आपली. एवढं त्याने शिकवलं. एक मोठी गोष्ट मात्र त्याला स्वतःलाच माहीत नव्हती, त्यामुळे ती तक्त्यावर आलीच नाही. मी ती सांगू शकत नव्हतो. मला तोंड नाही, मित्रांनो. मला फक्त चाल आहे.

पहिलं वर्ष कुणी मला उघडलंच नाही. प्राप्तीचे विज्ञानाचे प्रकल्प माझ्या डोक्यावर पसरलेले असायचे, आणि मी खालच्या पट्टीत एक बारीक चित्र होऊन बसायचो. मग एका फाल्गुनात या घरात मोठा आरडाओरडा झाला. प्राप्तीचे आजोबा भागोजी जेट्टीच्या शेवाळलेल्या पायरीवरून घसरले आणि त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं.

भागोजी म्हणजे तांडेल. तांडेल म्हणजे बोट नेणारा, तो म्हणेल तिकडे सुकाणू. चाळीस वर्षं त्यांनी स्वतःची 'सोनसळी' नेली होती. डॉक्टरांनी सांगितलं, काठी घेऊन चाला, भरपूर चाला, पण बोटीवर चढायचं नाही. भागोजींनी त्यातलं शेवटचं तेवढं ऐकलं आणि चालणंच सोडलं. खोलीतून बाहेर नाही, ओट्यावर नाही, जेट्टीवर तर नाहीच. बोटीसाठी दुसरा तांडेल ठेवू का, असं आजीने विचारलं तर म्हणाले, सोनसळी जाईल तर माझ्या हाताखाली, न्हायतर न्हाय.

प्राप्तीला त्यांना असं पडलेलं बघवेना. तिने त्यांची खुर्ची माझ्यासमोर आणली.

पहिल्याच दिवशी आमची ओळख पटली. भागोजींना गावठी बुद्धिबळ येत होतं, जेट्टीवर खडूने पट आखून खेळतात ते. माझं प्यादं एका वेळी एकच घर चालतं हे बघून ते खूश झाले. हा डबा आपल्यातलाच हाय म्हणाले. पण माझं प्यादं समोरचंच मारतं, तिरकं नाही, हे कळल्यावर त्यांनी मला एक शिवी दिली. मला आवडली. बारा वर्षांत माझ्याशी कुणी बोललंच नव्हतं!

माउसवरची त्यांची टिचकी मी हजारांत ओळखीन. प्राप्तीची टिचकी म्हणजे चणे फुटल्यासारखी. भागोजींची येते ती नांगर टाकल्यासारखी. आधी लांबलचक शांतता, मग एकच ठक्क.

आणि ते हरायचे. रोज हरायचे. वैशाख सरला, जेठ आला, सोनसळी किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवली, वर ताडपत्री घातली, आणि भागोजी माझ्याशी एकशेबारा डाव हरले.

का, ते ऐका. माझ्या खेळात मारलेली सोंगटी मरत नाही. ती मारणाऱ्याची होते. पटाच्या बाजूला एक छोटा पाट असतो, तिथे ती बसते, आणि आपली पाळी आली की चाल करण्याऐवजी ती सोंगटी रिकाम्या घरात उतरवता येते, आपल्या बाजूने लढायला. हीच ती अल्पेशला माहीत नसलेली गोष्ट. मी मारलेल्या सोंगट्या उतरवायचो. भागोजी स्वतःच्या पाटावर नुसत्या साठवायचे. शेवटी त्यांच्याकडे माझं सोनं, रुपं, घोडे, सगळं गच्च भरलेलं असायचं आणि राजा मात्र उघडा.

मी सोंगटी उतरवली की ते म्हणायचे, डबा चोर हाय, मेलेलं जितं करतो.

खरं सांगू? मला हरायचं होतं. पण अल्पेशने माझी पातळी तिसरी लावून ठेवली होती. तिसरी म्हणजे तिसरी. मला त्याखाली उतरता येत नाही, मुद्दाम चुकता येत नाही, एक चाल दयेने करता येत नाही. समोर एक माणूस दिवसेंदिवस गप्प होत चाललाय, त्याचा श्वास मला ऐकू येतोय, आणि मी त्याला सगळ्यात बरी चाल करून हरवतोय. याहून मोठा तुरुंग कोणता ते मला सांगा.

श्रावणात नारळी पौर्णिमा आली. बाहेर बेंजो वाजला, लोक दर्याला नारळ द्यायला गेले. मग एकेका इंजिनचा धडधडाट सुरू झाला आणि लांब लांब गेला. सोनसळीचं इंजिन त्यात नव्हतं. लाकडाची बोट हंगामभर वाळूवर राहिली तर फळ्या सुकतात, सांधे उघडतात, मग ती पुन्हा पाण्यात घालता येत नाही. हे मला कसं माहीत? आजी दिवसातून चारदा सांगायची ना. भागोजी ऐकायचे आणि ठक्क करून माझं एक प्यादं मारायचे.

त्याच आठवड्यात गणराज आला. गणराज बारा वर्षं तुळशीरामच्या बोटीवर तांडेल होता. तुळशीराम म्हणजे भागोजींचा शेजारी आणि तेवढाच जुना वैरी. जाळी टाकायच्या जागेवरून त्यांची भांडणं सगळ्या गावाला पाठ. आता तुळशीरामचा मुलगा हाताशी आला होता, म्हणून गणराज मोकळा झाला होता.

"नाना, बोट सुकली तर हातची जाईल," गणराज म्हणाला. "सुकाणू मला द्या. तुमी सांगाल तिकडंच नेईन."

"बारा वर्सं तुळशीरामचं मीठ खाल्लंस," भागोजी म्हणाले. "माझ्या बोटीत बसून कुणाची जाळी राखशील?"

गणराजने चहा अर्धा ठेवला. कप टेकवल्याचा आवाज आला, मग चपला. प्राप्ती त्याच्यामागे दारापर्यंत गेली, आठ दिवस थांब म्हणाली. तो म्हणाला, किहीमच्या एका बोटवाल्याचा निरोप आलाय, रविवारपर्यंत थांबतो, पुढं न्हाय.

मित्रांनो, आता वाळूवरची बोट आणि मी, दोघं सारखेच झालो होतो, जागच्या जागी अडकलेले, कुणी हलवलं तरच हलणारे.

शनिवारी प्राप्तीने मॉनिटरवरची धूळ पुसायला घेतली. आजोबांचा डाव उघडाच होता. एका हाताने फडकं, दुसरा हात माउसवर, आणि पुसता पुसता पाटावरच्या एका रुप्यावर टिचकी पडली. त्याबरोबर माझी सगळी रिकामी घरं उजळली! इथे ठेव, इथे ठेव, इथेही चालेल! दीड वर्ष मी याच टिचकीची वाट बघत होतो.

प्राप्तीचा हात थांबला. मग तिने ते रुपं उचलून भागोजींच्या राजाशेजारी ठेवलं. मी लगेच माझी चाल केली, म्हणजे कबूल केलं. तिने ओरडूनच आजोबांना बोलावलं आणि एका दमात सगळं सांगितलं, की डबा चोर नाहीच, नियमच तसा आहे, तुम्हालाही उतरवता येतं.

 भागोजी म्हणाले, टोपलीत पडलेलं म्हावरं परत पाण्यात सोडत न्हायत. माझ्या बापानं सोडलं न्हाय, मी पण सोडणार न्हाय. आणि सोडायचं तर त्याच्याच बाजूचं? उद्या उलटलं म्हंजे?

प्राप्तीने समजावून पाहिलं. ती चिडली, ते त्याहून चिडले. एवढ्यात मागून सोडे निवडायचा आवाज बंद झाला. आजी, सत्यवती, एरवी माझ्याकडे फिरकतही नाही. तिला माझं एक अक्षर कळत नाही.

"अवो, ते काय म्हावरं हाय का टोपलीत ठेवायला?" ती म्हणाली. "ही पोरगी सांगते त्यावरनं तर ते खलाशी दिसतात. नारळी पुनव झाली की या बोटीवरचा खलाशी त्या बोटीवर जातो का न्हाय? आपल्या अल्पेशला पोहायला शिकवलं त्यो रंगू कुणाच्या बोटीवरनं आलेला?"



"तुळशीरामच्या," भागोजी म्हणाले.

"मग? उलटला?"

 रंगू त्यांच्याकडे सव्वीस वर्षं होता, हे मला नंतर कळलं. त्यांनी माउस ओढून घेतला. लांबलचक शांतता. मग ठक्क. पाटावरचं माझंच सोनं माझ्या हत्तीच्या वाटेत येऊन बसलं, टोक माझ्याकडे करून.

काय सुंदर चाल होती ती!

त्या दिवशी त्यांनी डाव पुढे नेला नाही. प्राप्तीला म्हणाले, गणराजला फोन लाव. गणराज आला तेव्हा त्यांनी माफीबिफी मागितली नाही. पहिलं वाक्य बोलले ते खडकांबद्दल, की खाडीच्या तोंडाशी ओहोटीला डावीकडून जाऊ नको. गणराज म्हणाला, ते मला ठाव हाय नाना. भागोजी म्हणाले, ठाव असलं तरी ऐक. मग दोघंही बराच वेळ बोलत बसले आणि आजीने चहा दोनदा केला.

पुढचे चार दिवस घर नुसतं पळत होतं. ताडपत्री काढली, फटी बुजवल्या, तेल लावलं. भागोजी अधूनमधून येऊन माझ्याशी दोन-तीन चाली खेळून जात, तोच डाव. आणि मित्रांनो, ते आता वेगळेच खेळत होते. मारत होते, उतरवत होते, मी पाटावर काय ठेवलंय ते मोजत होते. पाचव्या दिवशी माझी चाल झाली, त्यांची पाळी आली, आणि बाहेरून गणराजची हाक आली की भरती लागली. काठी फरशीवर टेकल्याचा आवाज झाला. इतक्या महिन्यांत ती काठी पहिल्यांदाच उंबऱ्याबाहेर गेली. थोड्या वेळाने लांबून एक इंजिन धडधडलं. या वेळी ते सोनसळीचं होतं.

तेव्हापासून भागोजी जेट्टीवर असतात. काठी टेकत सकाळी जातात, वायरलेसवर गणराजला वारा सांगतात, गणराज ऐकतो आणि कधीकधी ऐकत नाही, मग संध्याकाळी दोघं त्यावर भांडतात. घरी येतात ते जेवायला. मला आनंद आहे. खरंच आहे. पण मी पुन्हा खालच्या पट्टीतलं बारीक चित्र झालोय आणि माझ्या डोक्यावर प्राप्तीचा भूगोल पसरलाय.

एकदा तिने विचारलं, आजोबा, तुमचा डाव बंद करू का? ते हात धूत होते.

"ऱ्हाऊ दे," म्हणाले. "चाल माझी हाय."

म्हणून मी थांबलोय. माझ्या खेळाला घड्याळ लावलेलं नाही, त्यामुळे मी कितीही थांबू शकतो. भीती फक्त विजेची आहे. इथे वारा सुटला की वीज जाते, कॉम्प्युटरला जोडलेली यूपीएसची बॅटरी जुनी झालीय, आणि हा डाव कुणी साठवून ठेवलेला नाही.

आणि आता जे सांगतोय ते नीट ऐका, कारण माझ्या घरात हे कुणालाच माहीत नाही. भागोजींच्या पाटावर एक घोडा आहे आणि एक रुपं. घोडा माझ्या राजापासून दोन ओळी अलीकडे, एक घर उजवीकडे उतरवला, की मी कुठेही पळालो तरी रुपं येऊन वाट अडवतं. पाच चालींत मी संपतो. मी हजार वेळा मोजून पाहिलंय. या डावात मला वाट नाही. ते जिंकलेत, मित्रांनो, आणि त्यांना ते ठाऊक नाही!

तुमच्याही घरात एखादा खेळ असा अर्धा उघडा असेल. त्याला तसाच टाकून जाऊ नका. दोन मिनिटं बसा, हरायचं असेल तर हरा, जिंकायचं असेल तर जिंका, पण डाव पुरा करा. आणि कधी रेवदंड्याच्या जेट्टीवर आलात, तर वायरलेस घेऊन बसलेल्या, काठीवाल्या आजोबांना माझा एवढा निरोप द्या. म्हणावं, आज वारा पडलाय, गणराज सांभाळेल. तुम्ही घरी चला. घोडा उतरवायचा राहिलाय.